इंग्रजी शिकवताना मुलांना ‘काय नवल पाहिलंस?’ असं विचारून बघा

खाजणकाठ

मी गुहागर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत तिसरी-चौथीला शिकवते. इंग्रजी बोलायला कसं शिकवावं यावर इथे बरेच शिक्षक आणि पालक लिहीत असतात, म्हणून हा धागा काढतेय.

महाराष्ट्रात 2000 सालापासून मराठी माध्यमाच्या शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. चौथीतल्या मुलाला रंग, प्राणी, भाज्या, वार सगळं पाठ असतं. पण ‘व्हॉट डिड यू डू यस्टरडे?’ विचारा, वर्ग चिडीचूप. उठलो, आंघोळ केली, शाळेत आलो, यात सांगण्याजोगं आहे काय? ते सगळ्यांनाच ठाऊक. पण खाडीत पाय घातला आणि अंगठ्याला कुर्लीने, म्हणजे खेकड्याने, धरलं, हे सांगायला तेच मूल रांग मोडून पुढे येतं. मुलाला जे सांगितल्यावाचून राहवत नाही, तिथून इंग्रजी सुरू करावं, असं माझं ठाम मत झालंय.

हे नुसतं गोडी लावण्यापुरतं नाही. नवल सांगायला बसलं की ते विशिष्ट क्रमानेच सांगावं लागतं, आणि त्या क्रमाला लागणारं व्याकरण मुलाला तिथल्या तिथे हवं असतं.

आधी काहीतरी संथ चाललेलं असतं: ‘आय वॉज कलेक्टिंग शेल्स.’ मध्येच काहीतरी घडतं: ‘सडनली अ क्रॅब केम आउट.’ मी फळ्यावर एक लांब आडवी रेघ ओढते आणि तिच्यावर एका ठिकाणी फुली मारते. रेघ म्हणजे चाललेलं काम, तिथे ‘वॉज’ आणि मागे ‘इंग’. फुली म्हणजे झटकन घडलेलं: ‘केम’, ‘सॉ’, ‘फेल’, ‘बिट’. चालू भूतकाळ, साधा भूतकाळ ही नावं मी चौथीत घेतच नाही. थोड्या दिवसांनी मुलंच विचारायला लागतात, ‘बाई, हे रेघेवर की फुलीवर?’

मग ‘अ’ आणि ‘द’. आपली मुलं हे दोन्ही गाळतात. नवलाच्या गोष्टीत मात्र कोणीतरी अनोळखी येतंच. पहिल्यांदा येतं तेव्हा ‘अ क्रॅब’, ओळख झाली की ‘द क्रॅब’. मराठीतही आपण ‘एक कुर्ली आली’ आणि पुढे ‘ती कुर्ली’ म्हणतो, त्यामुळे मुलांना हे चटकन पटतं. ‘द क्रॅब केम आउट’ अशी कोणी सुरुवात केली की बाकीची ओरडतात, ‘कुठली? आम्हाला अजून माहीतच नाही!’

नवल कुठूनतरी निघतंही. दगडाखालून, दारामागून, बुटातून. म्हणजे ‘अंडर’, ‘बिहाइंड’, ‘इनसाइड’, ‘आउट ऑफ’ हे शब्द ओघाने येतात. पुस्तकातला टेबलाखालचा चेंडू कोणाला आठवत नाही, पण ‘देअर वॉज अ फ्रॉग इनसाइड माय शू’ हे पावसाळ्यात आमच्या वर्गातलं रोजचं वाक्य आहे.

सगळ्यांत मोलाचं वाक्य मला वाटतं ते ‘आय थॉट इट वॉज अ रोप, बट इट वॉज अ स्नेक.’ वेदांतातला दोरीला साप समजण्याचा दृष्टांत आपल्या कीर्तनांतून कित्येक पिढ्या चालत आलाय. आमच्याकडे तर तो उलटा होऊन परसात, जळणाच्या भाऱ्यात प्रत्यक्ष घडतो. या एका साच्यावर मुलं कितीही वाक्यं करतात. ‘आय थॉट इट वॉज माय सिस्टर, बट इट वॉज अ कॅट.’ विचार करणं, तो खोटा ठरणं, आणि दोन्हीकडे भूतकाळ, एवढं सगळं त्यात येतं.

आता प्रत्यक्ष वर्गातलं. आठवड्यातून एकदा तासाच्या सुरुवातीला मी विचारते, ‘एनी सरप्राइज?’ एक मुलगा उभा राहिला.

‘बाई, आय गो वेल. वन स्नेक इज देअर.’

‘ओ! देअर वॉज अ स्नेक? इन द वेल?’

‘यस, इन द वेल.’

‘वॉज इट बिग?’

‘व्हेरी बिग! इट वॉज... इट वॉज स्विमिंग!’

मी ‘चूक’ म्हटलं नाही, थांबवलं नाही. मला खरोखर जाणून घ्यायचं होतं म्हणून विचारलं, आणि विचारताना योग्य रूप त्याच्या कानावर घातलं. तिसऱ्या वाक्याला ‘वॉज’ त्याने स्वतः उचललं. शेवटी सगळ्या वर्गाने मिळून म्हटलं, ‘व्हॉट अ बिग स्नेक!’ हे उद्गाराचं वाक्य दर वेळी घेते, कारण ते पहिलीतल्या मुलालाही जमतं आणि म्हणताना सगळा वर्ग खुलतो.

तुमच्याकडे असं कोणी करतं का? काय जमतं, काय अडतं ते लिहा.

सुरंगी

ताई, फार उपयोगी लिहिलंत. माझी मुलगी रत्नागिरीत सेमी इंग्रजीला आहे, तिसरीत. ती ‘आय ॲम सरप्राइझिंग’ म्हणते. मी ‘सरप्राइज्ड’ सांगितलं तर विचारते, ‘पण मला आत्ता वाटतंय ना, मग ड कशाला?’ काय उत्तर देऊ? आणि घरी करून घ्यायचं तर सुरुवात कशी करावी? माझं स्वतःचं इंग्रजी बेताचंच आहे.

खाजणकाठ

सुरंगी, तिचा प्रश्न अगदी रास्त आहे. तो ‘ड’ काळाचा नाही, एवढं आधी स्पष्ट सांगा. मी चेहऱ्याने शिकवते. डोळे मोठे, तोंड उघडं, हात गालावर: हा चेहरा ज्याचा, तो ‘सरप्राइज्ड’. ज्याच्यामुळे चेहरा असा झाला ती वस्तू ‘सरप्राइझिंग’. एक मुलगी चेहरा करून उभी राहते, दुसरी हातात काहीतरी लपवून आणते आणि एकदम दाखवते. ‘शी इज सरप्राइज्ड. द शेल इज सरप्राइझिंग.’ मग अदलाबदल. ‘एक्सायटेड’ आणि ‘एक्सायटिंग’, ‘बोअर्ड’ आणि ‘बोअरिंग’ या जोड्याही अशाच होतात. मात्र ‘स्केअर्ड’ची जोडी ‘स्केअरी’ आहे, तिथे ‘इंग’ लावू देऊ नका.

पहिली-दुसरीत मी ‘सरप्राइझिंग’ आणतच नाही. ‘आय वॉज सरप्राइज्ड’ हे एक वाक्य अख्खं तोंडात बसू दे. आपल्या मुलांची नेहमीची चूक म्हणजे मधला ‘वॉज’ गाळून ‘आय सरप्राइज्ड’ म्हणणं. अख्खं वाक्य एका दमात म्हणायची सवय लागली की ती चूक होत नाही.

घरी करायला पिशवीचा खेळ सोपा. कापडी पिशवीत एक वस्तू घाला: जायफळ, कवडी, करवंटीचा तुकडा, सुपारी, आमसूल, शिंपला. तिने न बघता हात घालायचा आणि विचारायचं: ‘इज इट हार्ड?’ ‘इज इट अ शेल?’ तुम्ही फक्त ‘यस, इट इज’ किंवा ‘नो, इट इजंट’ म्हणायचं. प्रश्न करताना ‘इज’ पुढे येतो हे बोटांना वस्तू चाचपत असतानाच जिभेवर बसतं. तुमचं बेताचं इंग्रजी त्याला पुरून उरेल.

बाणकोटवाली

पिशवीच्या खेळात एक काळजी घ्या. बिब्बा किंवा न भाजलेली काजूची बी चुकूनही घालू नका, दोन्हींचं तेल अंगावर उततं. काजूच्या हंगामात मुलं स्वतःहून बिया घेऊन येतात, म्हणून सांगितलं.

खाजणकाठ

बरं झालं लिहिलंत. सगळ्यांनी लक्षात ठेवा.

व्याकरणप्रेमी

माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालो. धागा आवडला, पण एक शंका मांडतो. आठवीत मुलं आमच्याकडे येतात तेव्हा ‘आय डिडंट सॉ’, ‘आय वॉज सॉ’, ‘ही केमड’ अशी येतात. बोलायचा उत्साह असतो, पण क्रियापदांची रूपं पाठ नसतात. ‘गो-वेंट-गॉन’ आम्ही तालावर पाठ केलं, ते अजून हलत नाही. गप्पांतून रूपं आपोआप येतील असं मला वाटत नाही. शिवाय परीक्षेत रिकाम्या जागा भरायच्या असतात, तिथे साप आणि कुर्ली कामाला येत नाहीत.

खाजणकाठ

सर, रूपं पाठ करण्याला माझा विरोध नाही. फक्त कोणती आणि कधी, हा प्रश्न आहे. नवलाच्या गोष्टींत तीच ती थोडी क्रियापदं फिरून फिरून येतात: सॉ, हर्ड, केम, रॅन, फेल, फाउंड, जम्प्ट, शाउटिड, ओपन्ड. मूल ती वापरायला लागलं की मग मी त्यांचा तक्ता करते आणि तालावर म्हणवून घेते. ज्या शब्दाशी मुलाची गाठ पडली आहे तो पाठ करायला त्याला वेळ लागत नाही.

‘आय डिडंट सॉ’बद्दल: इथेही नवल कामी येतं, कारण नवल म्हणजे आधी न दिसलेलं. ‘आय डिडंट सी इट. देन आय सॉ इट.’ ही दोन वाक्यं मी कायम जोडीने म्हणवून घेते, डोळे झाकून पहिलं आणि उघडून दुसरं. ‘डिडंट’ आला की क्रियापद मूळ रूपात परततं, हे डोळ्यांच्या उघडझापीबरोबर पक्कं बसतं. उच्चारांकडेही बघा ना. ‘जम्प्ट’मध्ये शेवटी ट ऐकू येतो, ‘ओपन्ड’मध्ये ड, आणि ‘शाउटिड’मध्ये वेगळा इड. लिहिताना तिन्हीकडे तेच दोन अक्षरी शेपूट. लिखाणावरून वाचलं तर मुलं ‘जम्पेड’ म्हणतात. आधी ऐकून-बोलून आलं तर म्हणत नाहीत.

व्याकरणप्रेमी

डोळ्यांची युक्ती पटली. माझ्या नातवावर करून बघतो. एक भर घालतो. ‘व्हॉट अ बिग फिश!’च्या जोडीला ‘हाऊ बिग!’ सुद्धा द्या. ‘व्हॉट’च्या मागे वस्तूचं नाव हवं, ‘हाऊ’च्या मागे नुसता गुण पुरतो. मोठी मुलंही ‘हाऊ बिग फिश!’ म्हणतात ते या दोघांची सरमिसळ झाल्याने. आणि अनेकवचनात ‘अ’ जातो: ‘व्हॉट बिग वेव्ह्ज!’

मालवणी_बाबा

माझो झील पाचवीत आसा. इंग्लिशचा पुस्तक उघडल्यान की तेका झोप येता, पण रापण ओढूक गेलो की तेच्या तोंडाक खळ नसता. ह्यो धागो वाचून वाटला, हे दोन एकत्र करूक होये.

पुढचं सगळ्यांना कळावं म्हणून साध्या मराठीत लिहितो. रापण ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: होडीतून समुद्रात अर्धगोलात जाळं टाकतात आणि दोन्ही टोकं किनाऱ्यावरून माणसं ओढत आणतात. शेवटची खोळ वाळूवर येईपर्यंत आत काय ते कोणालाच ठाऊक नसतं. सगळे वाकून बघत असतात.

मी काय केलं, एका जुन्या चादरीखाली मासळीची चित्रं ठेवली आणि मुलाला आणि त्याच्या दोस्तांना दोन बाजूंनी ओढायला लावली. ओढता ओढता म्हणायचं, ‘मेबी देअर इज अ पॉम्फ्रेट!’ ‘मेबी देअर आर प्रॉन्स!’ एक असेल तर ‘इज’, जास्त असतील तर ‘आर’. बांगड्याला मॅकरल, तारलीला सार्डिन, पाकटाला स्टिंगरे ही नावं त्यांनी एका संध्याकाळीत उचलली. केंडाला पफर फिश म्हणतात हे कळल्यावर गाल फुगवून किती वेळ फिरत होते. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा घरात बसून करायला हा खेळ उत्तम.

एक अडलं. पोरं ‘टू फिशेस’ म्हणतात. बरोबर काय?

व्याकरणप्रेमी

‘टू फिश’. मोजताना रूप बदलत नाही. ‘फिशेस’ हे निरनिराळ्या जातींबद्दल बोलताना चालतं, पण पाचवीत त्यात शिरू नका. तुमचा खेळ फार चांगला आहे. मी शिकवत असताना सुचायला हवा होता.

वशिष्ठीकाठ

मी चिपळूणला शिकवतो. एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे.

22 जुलै 2021चा पूर इथल्या मुलांनी पाहिलाय. आज पाचवी-सहावीपुढे असलेली मुलं तेव्हा लहान होती, पण रात्री उचलून माळ्यावर नेलं, खाली भांडी तरंगत होती, हे त्यांना आठवतं. ‘अचानक घडलेलं काहीतरी सांग’ म्हटलं की ते वर येतं. आमच्या वर्गात एक मुलगी ‘वॉटर केम’ एवढंच म्हणाली आणि गप्प झाली. दापोली, मंडणगड, श्रीवर्धन भागातल्या मुलांच्या मनात 3 जून 2020चं निसर्ग वादळ असेल.

म्हणून प्रश्न कसा विचारतो याला महत्त्व आहे. ‘शॉक’, ‘इन्सिडंट’ असे शब्द मी टाळतो. ‘अ स्मॉल सरप्राइज’ म्हणतो, मुठीएवढं, हाताने दाखवून. ‘पास’ म्हणायची मुभा सगळ्यांना आहे आणि ‘पास’ म्हणणाऱ्याला कोणी कारण विचारायचं नाही. आणि एखाद्या मुलाला मोठं काही सांगायचंच असेल तर त्याने ते मराठीत सांगावं, आणि आपण शिक्षक म्हणून नव्हे, माणूस म्हणून ऐकावं. तिथे ‘वॉज’ आणि ‘वेअर’ बघायचं नाही.

त्या मुलीने पुढे बऱ्याच दिवसांनी स्वतःहून हात वर केला. ‘आय ओपन्ड द विंडो. देअर वॉज अ किंगफिशर.’

खाजणकाठ

सर, हे मूळ धाग्यातच असायला हवं इतकं महत्त्वाचं आहे. मुठीएवढं नवल, हे उद्यापासून माझ्याही वर्गात.

मराठीत आधी सांगू द्यावं का, यावर मात्र आमच्या केंद्रात, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, बराच वाद होतो. माझं मत, जरूर सांगू द्यावं. 2020चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही शक्य तिथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावं असंच म्हणतं. गोष्ट एकदा मराठीत सांगून झाली की मुलाला क्रम सापडतो, मग इंग्रजीत फक्त वाक्यं शोधायची उरतात. दोन्ही कामं एकदम डोक्यावर टाकली की मूल गप्प बसतं. मी त्याच्या मराठी गोष्टीतली तीन-चार वाक्यंच इंग्रजीत घेते, सगळी नाही.

बाणकोटवाली

मी वेळासजवळ राहते. आमच्याकडचं नवल म्हणजे ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं. किनाऱ्यावरची अंडी संरक्षित जागेत हलवून पुरतात आणि वर टोपली ठेवतात. साधारण दीड-दोन महिन्यांनी पिल्लं वाळू उकरून वर येतात. हंगामात सकाळ-संध्याकाळ टोपल्या उचलून बघतात, भोवती पाहुण्यांची गर्दी. पण कुठल्या दिवशी कुठल्या टोपलीखाली पिल्लं असतील याची खात्री नसते.

आमच्या शिकवणीतल्या मुलांनी त्यावर वाक्यं केली. टोपली उचलायच्या आधी: ‘दे हॅवंट कम आउट येट.’ उचलल्यावर: ‘दे हॅव कम आउट!’ आणि काहीच नसलं तर: ‘वी वेटेड, बट नथिंग केम.’ न घडणं हेही नवलच आहे, त्याची वाक्यंही मुलांना हवीत. ‘हॅच’, ‘क्रॉल’, ‘टाइनी’, ‘फ्लिपर’ हे शब्द इथल्या मुलांना आता शहरातल्या मुलांपेक्षा चांगले येतात. बाहेरून आलेल्या पाहुण्यांना ती स्वतःहून समजावून सांगतात, इंग्रजीत.

अर्जुनाकाठ

बाणकोटवाली, तुमच्या ‘हॅव कम’वरून आमची राजापूरची गंगा आठवली. बाहेरच्यांसाठी: उन्हाळे गावाजवळ गंगातीर्थ आहे, चौदा कुंडं. एरवी कोरडी. साधारण दर तीन वर्षांनी कधीतरी अचानक पाणी येतं, काही काळ राहतं आणि जातं. पण नेमकं कधी येईल सांगता येत नाही.

‘हॅज कम’ आणि ‘केम’ यांतला फरक सातवीच्या मुलांना कितीही समजावला तरी घोटाळा व्हायचा. गंगेवरून सांगितल्यावर सुटला. बातमी आली, पाणी आत्ता कुंडात आहे, तेव्हा ‘द गंगा हॅज कम!’ कोणी विचारलं कधी, तर वार सांगायचा आणि लगेच ‘केम’वर यायचं: ‘इट केम ऑन मंडे.’ ‘हॅज कम ऑन मंडे’ नाही. आणि पाणी परत गेल्यावर बोलायचं तर ‘द गंगा केम लास्ट इयर.’ आत्ता कुंडात पाणी आहे की नाही, एवढंच स्वतःला विचारायचं. मुलांनी मग घरच्या गोष्टी लावल्या: ‘माय अंकल हॅज कम फ्रॉम मुंबई!’

लहानांसाठी मात्र हे नको, ‘केम’ पुरे.

सुरंगी

किती छान चर्चा झाली! पिशवीचा खेळ सुरू केला. पहिल्याच दिवशी मुलीने माझ्यासाठी पिशवी भरली आणि मला हात घालायला लावला. आत ओलं शेवाळ होतं. ‘इज इट वेट?’ हा प्रश्न मी दचकूनच विचारला.

आता गणपतीच्या सुट्टीत आम्ही गावी जाणार. घर माणसांनी भरलेलं असेल. तिथे इंग्रजीचं काही करावं का? आजीला इंग्रजी येत नाही, आणि तिला अवघडल्यासारखं व्हावं असं मला अजिबात वाटत नाही.

खाजणकाठ

आजीलाच मध्यभागी ठेवा. मुलीने रोज एकाला मराठीतच विचारायचं, ‘तुम्ही लहान असताना कशाने चकित झाला होतात?’ आजीला पहिल्यांदा. आजी सांगेल पहिली एसटी गावात आली ते, घरात दिवे आले ते, नाहीतर विहिरीत काय सापडलं ते. मुलीने ऐकून घ्यायचं, मध्ये वही काढायची नाही. रात्री तुम्ही दोघींनी मिळून दोन ओळी लिहायच्या, एक रेघेची आणि एक फुलीची: ‘आजी वॉज ड्रॉइंग वॉटर. सडनली शी हर्ड अ हॉर्न.’ ‘आजी’ला ‘ग्रँडमदर’ करायची गरज नाही, आजी हे नावच आहे.

दुसऱ्या दिवशी ते आजीला वाचून दाखवू दे आणि लगेच मराठीत सांगू दे. आजी दुरुस्ती करेल, ‘तेव्हा मी पाणी काढत नव्हते, भात कांडत होते.’ मग ती ओळ बदलायची. ‘पाउंडिंग राइस’ लिहा. चाकरमानी मुलं घरात असतील तर त्यांनाही घ्या, पण त्यांना इंग्रजी जास्त येतं म्हणून त्यांच्याकडून ओळी लिहून घेऊ नका. त्यांना आजीची मराठी नीट ऐकायचं काम द्या. सुट्टीनंतर त्या ओळी इथे लिहिल्यात तर मी माझ्या वर्गात वाचून दाखवीन.